मदत हवी आहे: पहिला गेमिंग पीसी, बजेट ७५-८० हजार, अकोला (उन्हाळा धरून सांगा)

वऱ्हाडचा नवखा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आजवर वाचनमात्र होतो, आता स्वतःवर वेळ आली म्हणून धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी अकोल्याचा. नोकरीतून थोडे पैसे साठलेत आणि पहिल्यांदाच स्वतःचा गेमिंग पीसी घ्यायचाय, आत्तापर्यंत सगळं मोबाईलवर नाहीतर मित्राच्या लॅपटॉपवर. बजेट ७५ हजार, फारच ओढाताण केली तर ८०, आणि त्यात मॉनिटर कीबोर्ड माऊस यूपीएस सगळं बसलं पाहिजे कारण घरी फक्त टेबल आहे. खेळणार काय तर व्हॅलोरंट रोज, गँग तिथेच पडलेली असते, आणि सुट्टीच्या दिवशी निवांत रेड डेड रिडेम्प्शन २, सायबरपंक असले मोठे गेम. फोर के वगैरे नको, २४ इंची १०८०पी वर नीट चाललं की झालं.

आधी गावातल्या दुकानात गेलो. त्यांनी लगेच सांगितलं "आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, फक्त ३० हजार, आरजीबी पंखे फ्री". ऐकून भारी वाटलं, पण कुठला आय७ विचारल्यावर निघाला ४७७०, म्हणजे २०१३ चा, डीडीआर३ रॅमवाला, आणि कार्ड जीटी ७३०, ते २०१४ चं. विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० नी सिक्युअर बूट (पीसीतल्या सुरक्षेच्या सोयी) लागतंच. म्हणजे ज्या गेमसाठी घ्यायचा त्याचीच बोंब. दुकानदार म्हणे "अहो आय७ तो आय७च". नमस्कार करून बाहेर पडलो.

मग घरी बसून ही जुळणी काढली: रायझन ५ ५६००, बी५५०एम बोर्ड, १६ जीबी डीडीआर४, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॉटचा ब्रॉन्झ पॉवर सप्लाय, आणि कार्ड आरटीएक्स ५०६० किंवा आरएक्स ७६००. मॉनिटर आणि यूपीएस धरले की ५०६० घेऊन ८० च्या बरंच वर जातंय, कारण एआयच्या डेटा सेंटरपायी रॅमचे भाव जे चढलेत ते विचारू नका.

आता अडतंय कुठे, तर एक मित्र म्हणतो एएम४ (५६०० ज्यात बसतो तो बोर्डाचा सॉकेट) मेलेला प्लॅटफॉर्म आहे, त्याच्या पुढच्या एएम५ वर रायझन ५ ७६०० घे, पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल. पण मग डीडीआर५ आलं, बोर्ड महाग आला, आणि कार्डाला पैसेच उरत नाहीत. दुसरा म्हणतो आत्ता कार्ड घेऊच नको, ५६००जी घे, त्यात ग्राफिक्स आतच असतं, कार्ड पुढच्या दिवाळीला. आणि घरचे म्हणतात लॅपटॉप घे, कुठेही नेता येतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो, खोली वरच्या मजल्यावर, स्लॅब तापलेला, एसी नाही, डेझर्ट कूलर आहे. अशा खोलीत लॅपटॉपवर सायबरपंक चालवायची माझी तर हिंमत नाही. माझा कल एएम४ कडे आहे पण पैसे एकदाच जाणार म्हणून विचारतोय.

खडखडीत

भाऊ, तुमचा कल बरोबर आहे. १०८०पी वर गेम कसा दिसणार ते कार्ड ठरवतं, प्रोसेसर नंतर. ५६०० अजून पाचेक वर्षं ओढेल आणि पुढे बदलायचा झालाच तर तेव्हा बोर्ड-रॅमसकट बदला, "पुढे फक्त प्रोसेसर बदलीन" म्हणणारे बहुतेक कधीच बदलत नाहीत, नवीनच घेतात.

५६००जी मात्र नको. नाव सारखं असलं तरी तो वेगळा प्राणी आहे, एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी आहे, साध्या ५६०० ला ३२ असतं. शिवाय त्याला पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता) ३.० च आहे. ५०६० आणि आरएक्स ७६०० दोन्ही कार्डं त्या रस्त्याच्या आठच लेन वापरतात त्यामुळे ३.० वर लावली की थोडा मार बसतो, विशेषतः कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की. दुकानदार "५६०० नाही, ५५०० घ्या, सेमच आहे, स्वस्त पडेल" म्हणाला तरी हेच सगळं लागू. बोर्ड पण बी५५० च घ्या, बी४५० नाही, कारण तोही पीसीआयई ३.० चाच.

मांजरपाट

उन्हाळ्याबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून लिहिते, मी जळगावची, माहेरी अशाच खोलीत माझा पीसी आहे. पंखा कितीही भारी लावा, पार्ट खोलीपेक्षा थंड होत नाही. २५ डिग्रीच्या खोलीत कार्ड ६५ ला असेल तर ४० च्या खोलीत ते साधारण ८० ला जाणारच, हे गृहीत धरून चाला. म्हणून मी वॉट बघून कार्ड घ्यायला सांगते. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉट, ५०६० ला १४५, आरएक्स ७६०० ला १६५. कुठे जुना स्टॉक म्हणून ४०६० बऱ्या भावात मिळालं तर तुमच्या खोलीसाठी तेच घ्या, वेगात ५०६० च्या मागे आहे पण १०८०पी ला पुरतं. आणि कार्ड दोन पंख्यांचंच.

कॅबिनेट पुढून जाळीचं बघा, काचेचं दिसायला छान पण आत भट्टी होते. डेझर्ट कूलरचा झोत मात्र थेट पीसीवर नको. आपल्याकडचं पाणी जड, बारीक तुषार आत गेले की धूळ चिखलासारखी बसते आणि प्रोसेसरवरच्या कूलरच्या पट्ट्यांवर पांढरी पुटं. दर दोन महिन्यांनी ब्लोअर मारा, मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

आणि अर्थिंग चेक केलंय का? कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुतेकदा पीसी खराब नसतो, घराचं अर्थिंग नसतं. आधी इलेक्ट्रिशियन, मग पीसी.

पेन्शनर गेमर

यूपीएस वरचे पैसे वाचवू नका असं सगळेच सांगतील, मी उलट सांगतो: ६०० व्हीएचा साधा यूपीएस गेम खेळताना लाइट गेली की लोड न झेपून बंद पडू शकतो. घ्यायचा तर १ केव्हीएचा घ्या, नाहीतर सध्या चांगला स्पाईक गार्ड लावा आणि यूपीएस दोन पगारांनंतर. पॉवर सप्लाय मात्र नामांकित कंपनीचाच. कॅबिनेटबरोबर "फ्री" मिळतो तो ४५० वॉटचा डबा दुकानातच ठेवून या.

मुंबईला येणं होत असेल तर लॅमिंग्टन रोडला, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत, एकदा चक्कर मारा. भाव फोनवर विचारून जा आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या. बिलाशिवाय दोन हजार कमी म्हणतात, पण मग वॉरंटीला कुणाच्या दारात जाणार? सेकंड हँड कार्ड पहिल्याच पीसीला नको, ओळखता येत नाही अजून.

वऱ्हाडचा नवखा (धागाकर्ता)

खूप धन्यवाद सगळ्यांना, ताई अर्थिंगचं तुम्ही बोललात आणि मी टेस्टर घेऊन बसलो, वरच्या खोलीत खरंच नाहीये, इलेक्ट्रिशियनला सांगितलंय. काका, यूपीएस पुढे ढकलला, त्याने बजेट ८० च्या आत आलं. एएम४ पक्कं, बी५५०एम पक्कं. ४०६० साठी दोन-तीन ठिकाणी फोन केलेत, नाहीच मिळालं तर ५०६०. रॅम १६ ची एकच घेऊ का ८ च्या दोन? दुकानदार एकच घ्या म्हणतो, पुढे वाढवता येते म्हणून. आणि बोर्डला वायफाय नाहीये, राऊटर खाली हॉलमध्ये आहे.

खडखडीत

८ च्या दोन. एक लावली तर ड्युअल चॅनल (दोन रॅम एकदम वापरणं) होत नाही आणि रायझनला ते जाणवतं. बोर्डाला चार स्लॉट असलेला बघितला तर वाढवायची पण सोय राहील. चालू केल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगात चालवायचं सेटिंग, ऑन करा, नाहीतर ३२०० ची रॅम बऱ्याचदा २१३३ नाहीतर २४०० वरच पळत राहते. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची वायर कार्डाला लावायची, बोर्डाला नाही, ५६०० ला आत ग्राफिक्स नसल्यामुळे तिथे काळा स्क्रीनच दिसेल आणि तुम्हाला वाटेल पीसी गेला. मॉनिटर १४४ हर्ट्झ किंवा वरचा घेतलात तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा हाताने निवडावा लागतो, बरेच जण वर्षभर ६० वर खेळतात.

वायफायचं डोंगल नको, व्हॅलोरंटला पिंग (सर्व्हरपर्यंत जायचा-यायचा वेळ) नाचेल. इलेक्ट्रिशियन येतोच आहे तर त्याच्याकडूनच हॉलमधून वरपर्यंत कॅट ६ (नेटवर्कची) केबल ओढून घ्या.