मदत हवी आहे: अफगाण कुटुंबासोबत सारिया ते सांतियागो चालायचंय

नमस्कार मंडळी. मी जर्मनीत राहते. शेजारचं अफगाण कुटुंब २०२१ मध्ये काबूल सोडून आलं. आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं. येत्या मे महिन्यात आम्ही सगळे स्पेनमधल्या कामिनोचा, म्हणजे सांतियागोला जाणाऱ्या पायी तीर्थयात्रेचा, शेवटचा, सुमारे ११५ किमीचा टप्पा चालणार आहोत. आजींना वारीचे फोटो दाखवले, तेव्हापासून त्यांनी ध्यासच घेतलाय. रोज संध्याकाळी नवे बूट घालून अंगणात फेऱ्या मारतात.

अडचण जेवणाची. हा टप्पा ज्या गलिसिया प्रांतात आहे, तिथल्या साध्या भाजीच्या सूपातही बहुधा डुकराची चरबी असते. सरकारी धर्मशाळांत स्वयंपाकघर असतं, पण भांडी बरेचदा नसतात म्हणे. शंका आली की आजी नुसता पाव खातात. मागच्या सहलीत तीन दिवस तसेच काढले, मला बघवेना.

वाटेतल्या पोर्तोमारिन, पालास दे रेई, आर्सुआ या मुक्कामांवर आपलं आपण शिजवू देणारे किंवा सगळ्यांना एका टेबलावर जेवू घालणारे यजमान कुणाला भेटलेत का?

आणखी एक. यांच्याकडे पासपोर्ट नाही, निर्वासितांचं निळं प्रवासपत्र आहे. मुक्कामाच्या नोंदणीला ते दाखवल्यावर कुणाला अडवलंय का? मागे एका हॉटेलात आजी तासभर उभ्या होत्या. या वेळी आधीच फोन करून विचारीन, पण आपल्यापैकी कुणी चालून आलं असेल तर कृपया सांगा.