पोरगा हॉस्टेलला गेला आणि मी शिडाची होडी शिकायला निघालेय, वेड लागलंय का मला?

मुलुंडची_आई

ऑगस्टमध्ये मुलाला कर्नाटकात सुरतकलला सोडून आलो, इंजिनिअरिंगला. जाताना दुपारच्या मत्स्यगंधा एक्स्प्रेसने तिघं गेलो, येताना दोघंच. तेव्हापासून घरात काय चाललंय विचारू नका, अजून कुकरला तीन माणसांचा भात लावते आणि दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात खातो. त्याच्या कॉलेजला लागूनच बीच आहे, जवळ लाईटहाऊसपण आहे, तिथे उभा असलेला त्याचा एक फोटो आला आणि माझ्या डोक्यात आलं की हा समुद्र तर आपलाच, मुंबईत आयुष्य गेलं आणि मी काय केलं तर चौपाटीवर भेळ खाल्ली आणि एकदा घारापुरीच्या लाँचमध्ये उलटी केली.

तर गेटवेच्या बाजूला सेलिंग शिकायचं म्हणतेय, रविवारी. वय ४७, पोहता येतं पण सोसायटीच्या पूलपुरतं. नवरा हसतोय. सासूबाई म्हणाल्या, लोक पोराच्या आठवणीने देवळात जातात, ही होडीत चाललीय. ते जरा लागलं, खरं सांगायचं तर. कुणी केलंय का? मन शांत होतं का खरंच की ते फक्त रील्समध्ये?

कुलाबा_ते_करंजा

ताई मी ११ वर्षं जातोय हार्बरमध्ये. शांत वगैरे पहिले ४-५ रविवार विसरा. शीड ज्या आडव्या दांड्याला बांधलेलं असतं तो बूम, टॅक करताना, म्हणजे वाऱ्याच्या तोंडातून बोट वळवताना, तो डोक्यावरून या बाजूचा त्या बाजूला जातो आणि तुम्ही वाकला नाहीत तर टेंगूळ. एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्या हातात शिडाची दोरी, डोळे वाऱ्यावर, समोरून मांडव्याची लाँच भोंगा वाजवत येतेय, तेवढ्यात शिकवणारा ओरडतो की शीड फडफडतंय. यात पोराने जेवलं असेल का हा विचार करायला जागाच राहत नाही. मला तरी जे मिळतं ते तेच, शांती म्हणा हवं तर.

आणि वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, साधारण ४५ अंशात तिरकं जायचं, मग वळायचं, परत तिरकं. समोर दिसणारं ठिकाण गाठायला अर्धा तास नागमोडी. आमच्याकडे नवीन आलेली माणसं यावरच चिडतात.

सीझन पावसाळा संपला की, ऑक्टोबर ते मे. शाळेत खारे वारे मतलई वारे पाठ केलेले आठवतात का, ते इथे कामाला येतात. सकाळी मतलई असतो तो दहा-अकराला मरतो, मग बोट नुसती तरंगते आणि ऊन भाजून काढतं, दुपारनंतर खारा वारा लागला की मजा. म्हणून दुपारची बॅच घ्या. टोपीला दोरी बांधा. माझ्या तीन टोप्या हार्बरात आहेत.

वरळीकर

वाऱ्याचं झालं, पाण्याचं कोण सांगणार. मी कोळी आहे, आमची बोट इंजिनची पण आजा शिडाने जायचा. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, ओहोटीला हार्बरचं पाणी जोरात बाहेर खेचतं आणि वारा पडलेला असेल तर शीडवाली बोट त्याच्याबरोबर जाते. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, तेव्हा पाणी मऊ. नवीन माणसाने भांगाचा दिवस बघून जावं. लाईफजॅकेट पोहता येत असलं तरी घालायचं, त्यात लाज नाय. आणि सासूबाईंना सांगा समुद्र आमचा देवच आहे, नारळ देतो आम्ही त्याला.

खवट_काका

सगळं ठीक, पण पोराला रोज रात्री व्हिडिओ कॉल करत असाल तर आधी तो बंद करा. माझी मुलगी गेली तेव्हा मी रोज करायचो, ती कॅमेरा भिंतीकडे करून ठेवायची. नौदलातले दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे म्हादेई ही शिडाची बोट घेऊन निघाले, पृथ्वीला फेरी मारून मे २०१० ला परत. नऊ महिने. तुमचा तर दिवाळीला येतोय लाडू खायला.

मुलुंडची_आई

काका, नऊ महिन्यांचं आईला सांगू नका 😄

अपडेट: काल गेले होते. टेंगूळ नाही पण गुडघा फुटला. पहिला तास वाराच नव्हता, गेटवेसमोर आम्ही चौघं जण नुसतं डुलत बसलो, शेजारून लाँचमधले लोक आमचे फोटो काढत होते. मग एकदम वारा आला, बोट कलली, मी कुणाचा तरी दंड घट्ट पकडला आणि मोठ्याने आई गं ओरडले, आणि नंतर इतकी हसले की शिकवणारा मुलगा घाबरला, तो माझ्या पोराच्याच वयाचा असेल. दोन तास फोन लॉकरमध्ये होता. काढला तर तीन मिस्ड कॉल, पोटात गोळा. लावला तर, आई पांढऱ्या शर्टवर लाल टीशर्टचा रंग लागलाय काय करू. म्हटलं ठेव बाजूला, मी पूर्ण ओली आहे, घरी जाऊन सांगते. तर म्हणतो ओली का? सगळं सांगितलं तर म्हणे फोटो पाठव.

वरळीकर दादा, कालनिर्णय काढून बसलेय. अष्टमी शुक्रवारी दिसतेय, मग रविवारी भांगच धरायचा ना की पाणी चढायला लागलेलं असतं?