मदत हवी आहे: पासवर्ड तीनदा बदलला, तरी खात्यात कोणीतरी परत शिरतंय

कच्चाटाका

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण अर्धवट सांगितलं की सल्लेही अर्धवट मिळतात, म्हणून सगळंच लिहिते.

भरतकामाचे नमुने टाकायचं सोशल मीडियावर माझं एक खातं आहे आणि त्याच नावाची वर्डप्रेसवर (साइट बनवायची तयार सोय) छोटीशी साइट. दोन आठवड्यांपूर्वी रात्री भाचीच्या खात्यावरून मेसेज आला: "मावशी, एका स्पर्धेत भाग घेतलाय, मत हवंय. तुझ्या फोनवर सहा आकडी कोड येईल, तो पाठव ना लगेच." भाची मला बोलायला लागल्यापासून 'माऊ' म्हणते. मावशी कधीच नाही. हे मला कोड पाठवून झाल्यावर सुचलं. हातात सुई, एक डोळा टाक्यावर, एक फोनवर. कोड आला, पाठवला. पाच मिनिटांत मी माझ्याच खात्याबाहेर.

चेहऱ्याचा व्हिडिओ वगैरे पाठवून खातं परत मिळालं. पासवर्ड बदलला. तिसऱ्या दिवशी माझ्या नावाने पोस्ट: आठवड्यात पैसे तिप्पट. पुन्हा बदलला, पुन्हा तेच. कालचा तर चोवीस अक्षरांचा केला, कागदावर लिहून एकेक अक्षर बघत टाकला. आज सकाळी उठते तो पुन्हा पोस्ट हजर.

त्यात भर म्हणजे मैत्रीण सांगते, तुझी साइट उघडली की जुगाराचं पान येतं. माझ्याकडे तर व्यवस्थित दिसते. तिचा फोन बिघडलाय की या दोन्हीचा काही संबंध आहे? घरचे म्हणतात, टाक बंद करून. नऊ वर्षांचं काम आहे हो.

रात्रपाळी

ताई, पासवर्ड राहू द्या बाजूला. आधी मेल बघा. ज्या मेलवर 'पासवर्ड विसरलात?' चं उत्तर येतं, तो मेल त्याच्या हातात असेल तर तुम्ही शंभर अक्षरांचा पासवर्ड ठेवा, तो बटण दाबून नवा मागवेल.

मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन एवढं बघून सांगा: फिल्टर किंवा नियमांत तुम्ही न केलेला काही नियम आहे का? मेल दुसरीकडे पाठवायची सोय कोणी चालू केलीय का? रिकव्हरीचा, म्हणजे खातं अडकलं तर परत मिळवायचा, पत्ता आणि फोन नंबर तुमचाच आहे का?

फोनवरून नको, कॉम्प्युटरवरून बघा. फिल्टर फोनच्या ॲपमध्ये बऱ्याचदा दिसतच नाहीत.

बोरूबहाद्दर

मी दर महिन्याला सगळे पासवर्ड बदलतो. आजवर कधी त्रास नाही.

हातचाएक

@बोरूबहाद्दर, राग मानू नका, पण मार्चचा पासवर्ड एप्रिलमध्ये बदलताना शेवटचा आकडा फक्त एकने वाढतो की नाही, खरं सांगा. सगळेच तसं करतात. म्हणून तर अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेनेही २०१७च्या मार्गदर्शनात ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती नको असं म्हटलं. फुटल्याची खूण दिसली की बदला. एकच पासवर्ड दोन ठिकाणी वापरणं त्यापेक्षा कितीतरी वाईट.

बोरूबहाद्दर

आकडा वाढतो. गप्प बसतो.

कच्चाटाका

रात्रपाळी, पाय कुठे आहेत तुमचे!

एक फिल्टर सापडला. ज्या मेलच्या विषयात 'सुरक्षा', 'लॉगिन' किंवा 'पासवर्ड' असेल तो वाचलेला दाखवायचा आणि थेट कचऱ्यात टाकायचा. कचरापेटी उघडली तर तिथे माझ्याच खात्याचे एकवीस इशारे पडलेले. मी म्हणत होते, यांच्याकडून एवढी साधी सूचनासुद्धा कशी येत नाही. येत होती, मला दिसत नव्हती.

रिकव्हरीचा पत्ता तर बघतच राहिले. हुबेहूब माझ्यासारखा, फक्त आडनावात एक अक्षर जास्त. दहा वेळा वाचला तरी डोळा त्यावरून घसरत होता.

पण मेलचा पासवर्ड मी कोणाला दिलाच नव्हता, मग?

रात्रपाळी

मेलचा पासवर्ड आणखी कुठे वापरला होता? 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर आपला मेल पत्ता टाका. ट्रॉय हंट यांनी २०१३मध्ये सुरू केलेली आहे, कुठल्या चोरीत तुमचा पत्ता सापडला ते सांगते. पासवर्ड मात्र कुठल्याच 'तपासून देतो' म्हणणाऱ्या पानावर टाकू नका.

फुटलेल्या याद्या वर्षानुवर्षं फिरत राहतात. लिंक्डइनची चोरी २०१२ची, तेव्हा साधारण ६५ लाख पासवर्डांची बातमी होती. २०१६मध्ये त्याच चोरीतले ११ कोटी ७० लाख मेल-पासवर्ड विकायला आले. जुनी जोडी घ्यायची आणि यंत्राकरवी दुसऱ्या शंभर ठिकाणी लावून बघायची, हा धंदाच आहे. भाचीच्या नावाने तुमचं खातं गेलं, खात्यात मेल पत्ता दिसला, पत्त्याला जुना पासवर्ड लागला. माझा अंदाज असा.

कच्चाटाका

सापडला पत्ता, एका जुन्या साइटच्या यादीत. त्या साइटचं नावही विसरले होते मी. पासवर्ड मात्र तोच, मेलला आजतागायत चालू. लाज वाटली.

हातचाएक

लाज कसली. आता क्रम चुकवू नका. फिल्टर आणि तो पत्ता काढा, मग मेलचा पासवर्ड नवा, मग 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा'. हे शेवटचं लोक विसरतात. एकदा आत आलं की ब्राउझरला एक कुकी मिळते, देवळाच्या दारात हातावर मारलेल्या शिक्क्यासारखी. शिक्का असेपर्यंत पासवर्ड कोणी विचारत नाही. काही ठिकाणी पासवर्ड बदलला की जुने शिक्के आपोआप पुसले जातात, काही ठिकाणी नाही. मार्च २०२३मध्ये लायनस टेक टिप्स हे यूट्यूब चॅनल असंच गेलं. तिथल्या एकाने पीडीएफ समजून फाइल उघडली आणि ब्राउझरमधला शिक्काच चोरीला गेला. पासवर्ड, त्यानंतर कोड मागणारी दुसरी पायरी, सगळं जागच्या जागी होतं.

हे सगळं झालं की सोशल मीडियाच्या खात्यात पुन्हा हेच. शिवाय 'जोडलेली ॲप्स' मध्ये ओळखीचं नसेल ते उपटून टाका.

निवांत७

ताई, माझ्या ओळखीचा एक एथिकल हॅकर आहे, तासाभरात खातं परत काढून देतो. थोडे पैसे आगाऊ द्यावे लागतात. मेसेज करा.

रात्रपाळी

कोणीही मेसेज करू नका. खातं गेलेल्यांच्या धाग्यांवर हे लोक घिरट्या घालत असतात. संपादकांना कळवलंय.

साइटबद्दल: मैत्रिणीचा फोन ठीक आहे, साइटच बाधित आहे. हा कोड मुद्दाम मालकाला दिसू नये असा लिहिलेला असतो. गूगलमधून आलेला, फोनवरचा, पहिल्यांदाच आलेला पाहुणा असेल तरच पळवायचा. ॲडमिन म्हणून लॉगिन केलेल्याला खरं पान दाखवायचं. तुम्ही फोनवर इन्कॉग्निटो (आधीचं लॉगिन न ओळखणारी) खिडकी उघडा, पत्ता टाइप न करता साइटचं नाव गूगलमध्ये शोधा आणि तिथून आत जा. दिसेल.

थीम, म्हणजे साइटच्या रंगरूपाचा तयार साचा, कुठून घेतली होती?

कच्चाटाका

दिसलं. लाल-पिवळं भडक पान, चक्र फिरतंय. माझ्या कर्नाटकी कशिद्याच्या जागी!

थीम... एकाने 'पैशांची थीम फुकट' म्हणून दिली होती. वर्षभर झालं.

रात्रपाळी

झालं, सापडलं मूळ. अशा थीममध्ये मागचं दार आधीच ठेवलेलं असतं. म्हणजे साइटचं दुखणं वेगळं आणि मेलचं वेगळं. दोन्ही एकाच वेळी दिसली इतकंच.

थीम पूर्ण काढा, नुसती बंद करून भागत नाही. वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी ॲडमिन आहे का बघा. फोटोंच्या 'अपलोड्स' फोल्डरमध्ये पीएचपी (फोटोची नव्हे, कोडची) फाइल दिसली तर ती जवळजवळ नक्कीच घुसखोराची. वर्डप्रेसच्या मूळ फाइली आणि प्लगिन (वरून जोडलेल्या सोयी) नव्याने टाका. कॉन्फिग (साइटच्या सेटिंगच्या) फाइलमधल्या 'सॉल्ट' किल्ल्या, म्हणजे लॉगिनचे शिक्के ज्यांवर चालतात त्या गुप्त ओळी, बदला, म्हणजे आत बसलेले सगळे एका झटक्यात बाहेर. होस्टिंगचा आणि डेटाबेसचा पासवर्डही. बॅकअप टाकणार असाल तर ती थीम येण्याच्या आधीचाच, नाहीतर रोगच परत आणाल.

हातचाएक

दुसऱ्या पायरीला एसएमएस ठेवू नका, दुसरं काही शक्य असेल तर. २०१९मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचं स्वतःचं खातं त्यांचा फोन नंबर पळवून वापरलं गेलं होतं. ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड बनवणारं) बरं, त्याचा आकडा साधारण ३० सेकंदांनी बदलतो. पण तोही तुम्ही खोट्या पानावर स्वतःहून टाकलात तर गेलाच. पासकी (पासवर्डऐवजी फोन किंवा कॉम्प्युटरमध्ये साठवलेली किल्ली) मिळत असेल तर ती घ्या. ती खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, एका अक्षराने वेगळ्या पानावर ती चालतच नाही. तुमचा डोळा घसरेल, तिचा नाही.

रिकव्हरी कोड छापून कपाटात. मेलमध्ये नाही!

कच्चाटाका

चार दिवसांनी लिहितेय. मेलमधून सगळ्यांना बाहेर काढलं तेव्हा यादीत तीन उपकरणं होती, माझी दोनच. त्यानंतर एकही पोस्ट नाही. साइटच्या अपलोड्समध्ये 'इमेज' नावाची पीएचपी फाइल निघाली, २०२१च्या फोटोंत लपून बसलेली. उडवली. साइट तीन दिवस बंद ठेवून नव्याने उभी केली, आता साधीच थीम आहे. नमुने सगळे शाबूत.

एकच राहिलंय. भाचीचं खातं अजून त्यांच्याच ताब्यात आहे आणि तिच्या मेलचीही तीच गत दिसते. तिला हा धागा वाचायला द्यायचाय. लिंक पाठवली तर ती म्हणाली, "माऊ, तूच कशावरून?" आता फोनवरच वाचून दाखवते.