कुत्र्यांतील रेबीजचा विषाणू मुळात आला कोठून?

प्रश्न (शिक्षक, यावल तालुका)
गेल्या महिन्यात आमच्या गावात एक कुत्रा पिसाळला. खालचा जबडा लोंबलेला आणि तोंडातून लाळेची तार लागलेली, अशा अवस्थेत तो दोन दिवस केळीच्या बागांमधून फिरत राहिला आणि मरण्यापूर्वी एका गोऱ्ह्याला व तीन कुत्र्यांना चावला. वडीलधारी माणसे म्हणतात की उन्हामुळे कुत्रे पिसाळते. काहींच्या मते हा रोग सातपुड्यातले कोल्हे आणतात. विद्यार्थ्यांना खरे काय ते सांगायचे आहे. शिवाय विषाणू बदलत असेल, तर जुनी लस आज पुरते का?

उत्तर (पशुवैद्यक, धुळे)
नमस्कार सर. उन्हाने कुत्रा पिसाळत नाही. बाधित प्राण्याची लाळ जखमेत गेल्यावर विषाणू चेतातंतूंमधून मेंदूपर्यंत पोहोचतो, आणि यात बहुधा काही आठवडे ते काही महिने जातात. रोग आपल्याकडे फार जुना आहे, कारण सुश्रुतसंहितेत अलर्कविषाचे, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाचे, वर्णन आहे. मात्र आज जगभरच्या कुत्र्यांत आढळणाऱ्या विषाणूंच्या जनुकांची तुलना करून काढलेले अंदाज त्यांचा समान पूर्वज गेल्या सुमारे १५०० वर्षांतला मानतात, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तो चौदाव्या ते सोळाव्या शतकाच्या दरम्यान ठेवला. रोग प्राचीन आणि विषाणूचे आजचे वंश त्या मानाने नवे, ही विसंगती नव्हे. जुने वंश मागे पडून नव्यांनी त्यांची जागा घेतली असावी.

या विषाणूंच्या वंशवृक्षात भारतीय उपखंडाची शाखा मुळाजवळ फुटते, आणि तिचे विषाणू दक्षिण भारत व श्रीलंकेत सापडतात. भारतात इतरत्र मुख्यतः जो प्रकार आढळतो, त्याचे नाते ध्रुवीय खोकडांतील विषाणूशी आहे. तिसरा मोठा वंश युरोपीय वसाहतींच्या काळात माणसांबरोबर नेलेल्या कुत्र्यांमुळे अनेक खंडांत पसरला.

उत्तर (मेंढपाळ कुटुंबातील विद्यार्थी, साक्री)
माणसांबरोबर नेलेल्या कुत्र्यांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आमचे ठेलारी मेंढपाळांचे वाडे (फिरते तांडे) मेंढरे घेऊन मुक्काम बदलतात तेव्हा कुत्री सोबत चालतात आणि लहान पिल्ले घोड्यावरच्या सामानात बांधलेली असतात. चावा बसलेले पिल्लू आठवडेच्या आठवडे निरोगी दिसत असेल, तर तेवढ्या काळात ते कितीतरी गावे ओलांडते. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर १९९७ साली बोटीतून आणलेल्या कुत्र्यांबरोबरच हा रोग पोहोचला होता. म्हणून आमच्या वाड्यावर यंदा निघण्याआधीच सगळ्या कुत्र्यांना लस टोचून घेतली.

उत्तर (पशुवैद्यक, धुळे)
अगदी योग्य केलेत. कोल्ह्याला लागण होते आणि त्याचा चावाही तितकाच घातक असतो, परंतु आपल्याकडे साखळी टिकवून धरतात ती कुत्रीच. एक बाधित कुत्रा सरासरी दोनपेक्षा कमी कुत्र्यांना लागण करतो, त्यामुळे ७० टक्के कुत्र्यांचे नियमित लसीकरण झाले तर साखळी तुटते. लसीची काळजी नको. हा आरएनए विषाणू असल्याने त्यात बदल होतात, तरी लसीमुळे शरीरात तयार होणारी संरक्षक प्रतिपिंडे ज्याला ओळखतात ते बाहेरचे प्रथिन एवढे बदललेले नाही की लस निकामी ठरावी. लसींत वापरल्या जाणाऱ्या काही प्रकारांचे मूळ तर रेबीजची पहिली लस बनवणाऱ्या लुई पाश्चर यांच्या विषाणूत आहे.

आता सर, तुमच्या गावातील गोऱ्ह्याकडे आणि त्या तीन कुत्र्यांकडे वळा. गोऱ्ह्याला चाव्यानंतरच्या लसी चालू नसतील तर आजच डॉक्टरांना बोलवा, कुत्री बांधून ठेवून त्यांच्याबद्दलही विचारा. रेबीज झालेल्या गुराला गिळता येत नाही, तेव्हा घशात काही अडकले असे समजून मालक त्याच्या तोंडात हात घालतो. मालकाला हे आधीच सांगा. कोणी तसा हात घातला असेलच, तर साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याने त्याच दिवशी दवाखाना गाठावा.