डब्लिनला पबमध्ये आईला जेवायला न्यावं का?

होटगीरोडवाला
पुढच्या महिन्यात मी, बायको, नऊ वर्षांची लेक आणि आई असे चौघं धाकट्या भावाकडे डब्लिनला चाललोय. तो म्हणतोय, रविवारी दुपारी सगळ्यांना पबमध्ये जेवायला नेतो. आमची आई लिंगायत, अंडंसुद्धा चालत नाही. 'परमिट रूम'ची पाटी दिसली की ती रस्ता ओलांडून पलीकडून जाते. आमच्या घरातला एक माणूस दारूपायी गेलाय, त्यामुळे तिला जबरदस्ती करायची नाही. लेकीला आत घेतात का? आणि आईनं खायचं काय? कुणी घरच्यांना घेऊन गेलं असेल तर सांगा.

शेंगाचटणी
दादा, मी सात वर्षं डब्लिनला आहे, माहेर सोलापूरला, सात रस्त्याजवळ. लेकीची काळजी सोडा. पंधराच्या आतल्या मुलांना आईवडिलांबरोबर रात्री ९ पर्यंत बसता येतं, मे ते सप्टेंबर १० पर्यंत. तसा कायदाच आहे. आत सिगारेट 2004 पासून बंद, त्यामुळे आपल्याकडचा तो कोंदट वास नाही.

मी मे महिन्यात आई-बाबांना नेलं होतं. आई दारातच थबकली. आत एक आजोबा पेपर वाचत सूप पीत होते आणि मोठ्या टेबलावर अख्खं खानदान बसलेलं. मधे पांढऱ्या झग्यातली सात-आठ वर्षांची पोर, डोक्यावर जाळीची ओढणी. तिथं मे महिन्यात लहान मुलांचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा विधी असतो, चर्चमधून सगळे थेट जेवायला येतात. आई म्हणाली, "मुंजीचं जेवण दिसतंय," आणि आत येऊन बसली.

तिला सोडा ब्रेड आवडला. यीस्ट नाही, खायचा सोडा आणि ताक घालून भाजतात, वर फुलीसारखी चीर. तिनं तुकडा मोडून नाकाशी नेला आणि म्हणाली, "ताक आहे यात." मी सांगितलंच नव्हतं! दुसरं म्हणजे चॅम्प. कांद्याची पात दुधात शिजवून उकडलेल्या बटाट्यात कालवतात, मधे खळगा करून लोणी. आपण चटणीत खळगा करून तेल घालतो, अगदी तसं.

आता जपायचं काय ते सांगते. एका ठिकाणी भाज्यांचं सूप मागवलं, बाबांचा अर्धा बाऊल संपल्यावर कळलं की ते कोंबडीच्या पाण्यात केलंय. मला अजून वाईट वाटतं. अंडं, दूध, मासे धरून चौदा ॲलर्जींची माहिती तिथं लेखी द्यावीच लागते, पण कोंबडी त्या यादीत नाही. म्हणून सूप कशात शिजवलंय आणि चिप्स मासे तळतात त्याच तेलात तळल्यात का, हे दोन्ही तोंडानं विचारा. आणि रविवारी 'कार्व्हरी' लिहिलं असेल तिथं आईला नेऊ नका. ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं आणि समोरच बीफचा भाजलेला मोठा तुकडा कापतात.

कडकभाकरी
ताईंनी सगळं सांगितलंच आहे. एक भर घालतो. जुन्या पबमध्ये 'स्नग' असतो, लाकडी फळ्यांनी आडोसा केलेली छोटी खोली. पूर्वी बायका तिथं बसायच्या, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. भावाला आधी फोन करून तोच मागायला सांगा, काउंटर आईच्या डोळ्यासमोर येणार नाही. तुम्ही मटण खात असाल तर आयरिश स्ट्यू घ्या. मटण, बटाटा, कांदा, बस्स. काळ्या मसाल्याच्या जिभेला पहिले दोन घास पाणचट लागतात, पण मटण मऊसूत शिजलेलं असतं.

होटगीरोडवाला
दोघांचे मनापासून आभार. रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. सुपाची गोष्ट ऐकून म्हणाली, "बिचारे." मग बराच वेळ गप्प. दिवा मालवताना विचारते, "ताक घालून करतात ती भाकर, पीठ कसलं असतं रे?"

शेंगाचटणी
गव्हाचं, जाडसर दळलेलं. काकूंना सांगा, निघताना मी त्यांना एक ब्रेड बांधून देईन.