ईईजी आणि एडीएचडीचे औषध: आलेखापेक्षा तपासून पाहणे बरे

मुलाच्या मेंदूचा विद्युत आलेख, म्हणजेच ईईजी, काढला तर एडीएचडीचे (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता या विकाराचे) औषध त्याला लागू पडेल की नाही हे आधीच कळेल का, या प्रश्नाबाबत एक फरक ध्यानात घ्यायला हवा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2013 मध्ये 6 ते 17 वर्षे वयाच्या मुलांसाठी ज्या ईईजी यंत्रणेला मान्यता दिली, ती निदानाला पूरक म्हणून होती. औषधाचा परिणाम वर्तवण्यासाठी नव्हती. ही यंत्रणा मेंदूतील थीटा (मंद) आणि बीटा (जलद) या विद्युत लहरींचे गुणोत्तर मोजते. मात्र अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने 2016 मध्ये निदानासाठीही या गुणोत्तरावर विसंबू नये, चुकीच्या निदानाने मुलांचे नुकसान होऊ शकते, असा इशारा दिला.

अल्फा या मेंदूतील आणखी एका प्रकारच्या लहरींची गती मंद असलेल्या किशोरवयीन मुलग्यांमध्ये मेथिलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाचा गुण कमी दिसतो, असे एका मोठ्या अभ्यासात आढळले आहे, आणि ही दिशा मला आश्वासक वाटते. तरीही गटाच्या सरासरीत दिसणारा फरक एकट्या मुलाबद्दल खात्रीने काही सांगतोच असे नाही; शिवाय झोप अपुरी झाली असली तरी त्या लहरी मंदावतात.

मेथिलफेनिडेटच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण तासाभरात दिसू लागतो. त्यामुळे बालमानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली अल्प मात्रेपासून सुरुवात करून भूक, झोप, वजन, रक्तदाब आणि शिक्षकांची निरीक्षणे नोंदवत जाणे, हीच सध्याची सर्वांत भरवशाची चाचणी आहे, आणि महागड्या आलेखापेक्षा ती स्वस्तही पडते.