कुत्र्याला खरंच ओशाळल्यासारखं वाटतं, की आपणच आपलं मन त्याच्यावर लादतो?

उन्हातली_सावली:
मनापासून विचारतेय. काल घरी आले तर उशीच्या पार चिंध्या, कापूस सगळीकडे, आणि आमची चिमी कोपऱ्यात मान खाली, कान मागे, डोळे तेवढे वर करून बघतेय. मी ओरडले तशी पोटावर सरपटत आली. मला वाटलं हिला कळलंय आपलं चुकलं. बहीण म्हणते प्राण्यांना असलं काही नसतं, तुझ्या मनाचे खेळ आहेत. तेव्हापासून तेच घोळतंय डोक्यात. शाळेत चेतनागुणोक्ती अलंकार शिकलो तो कवितेपुरता, पण आपण दिवसभर तेच बोलतो ना, गाडी रुसते, चप्पल चावते, फोन ऐकत नाही. मग हे चूक आहे का? आणि चिमीला नेमकं काय वाटत होतं?

शेपूटवाला:
ताई, नेमका यावरच प्रयोग झालाय, २००९ साली कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी १४ कुत्र्यांवर केला. मालकाने खाऊ समोर ठेवून "खायचं नाही" सांगायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर त्याला सांगायचे की कुत्र्याने खाल्लं किंवा नाही खाल्लं, आणि ते कधी खरं असायचं कधी खोटं. तर तो "अपराधी चेहरा" खाण्या-न खाण्यावर अवलंबून नव्हताच, मालक रागावला की तो यायचा, आणि ज्यांनी खाऊला तोंडही लावलं नव्हतं पण बोलणी खाल्ली त्यांचा चेहरा तर जास्तच पडलेला. म्हणजे तुमच्या आवाजाला, उभं राहण्याला ती घाबरली होती. मान खाली, कान मागे हे "मला मारू नकोस" असं सांगणं आहे. त्याला कबुलीजबाब समजून आपण आणखी ओरडतो, याचं मला फार वाईट वाटतं.

रानवाट:
वरचं पटलं, पण बहिणीचं "असलं काही नसतं" हेही तितकंच चूक. भीती, जवळीक, खेळायची हौस हे प्राण्यांत आहेच, डार्विनने १८७२ मध्ये माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावना कशा दिसतात यावर अख्खं पुस्तक लिहिलं. घोळ होतो तो खूण वाचताना. स्लो लोरिस या मोठ्या डोळ्यांच्या छोट्या प्राण्याचे "गुदगुल्या" व्हिडिओ बघा, हात वर करून बसतं आणि लोकांना वाटतं किती आवडतंय त्याला. अहो, त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला ग्रंथी असते, तिचा स्राव लाळेत मिसळला की विष होतं, आणि धोका वाटला की तिथपर्यंत तोंड न्यायला ते हात वर करतं! चिंपांझी दात दाखवतो ते बऱ्याचदा भीतीने. डॉल्फिनचा तर जबडाच तसा, आजारी असला तरी हसराच दिसणार.

काटकोन:
वस्तूंबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. १९४४ मध्ये हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना छोटी फिल्म दाखवली, एक मोठा त्रिकोण, एक छोटा, एक वर्तुळ, आणि उघडझाप होणारं दार असलेला एक चौकोन, बस. काय दिसलं ते लिहा म्हटलं तर ३४ पैकी एकानेच नुसत्या आकृत्यांच्या भाषेत लिहिलं, बाकीच्यांना मोठा त्रिकोण दांडगाई करताना दिसला, वर्तुळ घाबरलेलं दिसलं. डोळे नाहीत तोंड नाही, नुसती हालचाल! नासाचा ऑपॉर्च्युनिटी रोव्हर, म्हणजे चाकांवर फिरणारं यंत्र, मंगळावर ९० दिवसांसाठी गेला आणि १४ वर्षांहून जास्त चालला, २०१९ मध्ये मोहीम संपली तेव्हा लोक खरंच रडले. "बॅटरी संपत आलीये, अंधार होतोय" हे त्याचे शेवटचे शब्द म्हणून फिरले, पण त्याने पाठवले होते नुसते आकडे, वाक्य माणसाने केलं. मला यात काही वावगं वाटत नाही. गाडीला रुसली म्हटल्याने गाडीचं काही बिघडत नाही, कुत्र्याचं मात्र बिघडतं.

उन्हातली_सावली:
सगळं दोनदा वाचलं, मनापासून आभार. आज संध्याकाळी यांच्या हातून पातेलं पडलं, मोठा आवाज झाला, हे स्वतःवरच चिडले, आणि चिमीने हुबेहूब कालचाच चेहरा केला, तिने काही म्हणजे काही केलं नव्हतं. खूप भरून आलं. तिला हाक मारली नाही, जमिनीवर बसले, तोंड दुसरीकडे करून. बऱ्याच वेळाने आली आणि तळहाताला नाक लावलं.